राजा, जादूगार आणि स्टारशिप : 'द इलिझियन किंगडम' जमला की फसला?

भुसावळ लोको

'स्टार ट्रेक : स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या अंतराळजहाजावरच्या विज्ञानकथा मालिकेच्या पहिल्या सीझनचा आठवा भाग, 'द इलिझियन किंगडम', जून २०२२ मध्ये आला. तेव्हापासून आमच्या मित्रमंडळीत त्यावरून दोन तट पडलेत. परवा मळ्यात भरीत पार्टीला पुन्हा तोच विषय निघाला, म्हणून इथे मांडतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट, शेवटासकट. जहाजाचे डॉक्टर मबेंगा यांची लहान मुलगी रुकिया जीवघेण्या आजाराने घेरलेली. आजार पुढे सरकू नये म्हणून त्यांनी तिला ट्रान्सपोर्टरच्या, म्हणजे माणसांना क्षणात इथून तिथे पाठवणाऱ्या यंत्राच्या, बफरमध्ये (साठवणीत) ठेवलंय. अधूनमधून बाहेर काढायचं, तिच्या आवडत्या परीकथेतलं थोडं वाचून दाखवायचं, पुन्हा आत. एका तेजोमेघातून निघताना जहाज अडकतं आणि बघावं तर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षात, सिंहासन, वेली, आणि अख्खा क्रू त्याच पुस्तकातली पात्रं झालेला. डॉक्टर राजा. कॅप्टन पाईक भित्रा दरबारी, स्पॉक दगाबाज जादूगार, उहुरा दुष्ट राणी, ला-आन चिमुकला कुत्रा सांभाळणारी राजकन्या. शुद्धीवर दोघंच : डॉक्टर आणि इंजिनिअर हेमर. शेवटी कळतं की तेजोमेघातल्या एका एकाकी जाणिवेला रुकियाचा लळा लागलाय आणि हा खेळ तिनेच मांडलाय. जहाज सोडायला ती तयार आहे, मुलीला नाही. मुलगी तिच्याजवळ राहिली तर आजार नाही, परत आली तर आजारही परत. डॉक्टर तिला जाऊ देतात.

माझ्या मते भाग फसला. मी विजेच्या इंजिनांवर काम करतो. इंजिन मध्येच बंद पडलं तर 'त्याच्या मनात आलं म्हणून थांबलं' असं लॉगबुकात लिहिता येत नाही. या भागात नेमकं तेच लिहिलंय. तेजोमेघाच्या मनात आलं, कपडे बदलले. मनात आलं, आजार गेला. मध्ये 'बोल्ट्झमन ब्रेन'चं नाव घेऊन मोकळे झाले. ती कल्पना विश्वशास्त्रात आहे खरी, निव्वळ योगायोगाने कणांची अशी जुळणी व्हावी की त्यातून जाणीव तयार व्हावी. पण तिचा वापर बहुतेक वेळा एखादा सिद्धांत कुठे गडबडतोय हे दाखवायला होतो. इथे ती परीच्या छडीसारखी वापरली. मग सरळ परीच आणायची होती.

यावलची

दादा, हे आजचं खूळ नाही. 'स्टार ट्रेक'ची मूळ मालिका १९६६ला सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात 'शोअर लीव्ह' या भागात पांढरा ससा कोट घालून पळाला, घोड्यावरचा शूर सरदार आला. १९६७ला 'कॅट्सपॉ'मध्ये चेटकिणी आणि काळी मांजर. १९९१ला 'नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या ट्रेक मालिकेवाल्यांनी रॉबिन हूडचे कपडे चढवले. ज्यांना असले भाग नको आहेत त्यांना अर्धी ट्रेक नको आहे.

आणि एक गोष्ट इथे कुणीच काढली नाही म्हणून मी काढते. रुकियाच्या हातातल्या त्या परीकथेच्या पुस्तकावर लेखकाचं नाव आहे बेनी रसेल. हा माणूस 'डीप स्पेस नाइन' या ट्रेकच्याच मालिकेतल्या १९९८च्या एका भागातला, १९५०च्या दशकातल्या न्यूयॉर्कमधला कृष्णवर्णीय विज्ञानकथा लेखक. त्याच्या कथेतला कॅप्टन काळा आहे म्हणून ती छापत नाहीत, आणि तो कोलमडतो. इथे काही शतकांनी एक काळा बाप आपल्या लेकीला त्याच बेनीचं पुस्तक वाचून दाखवतोय. म्हणजे त्या माणसाचं लिखाण टिकलं, जहाजावर पोचलं, एका पोरीचं आवडतं झालं. एकही संवाद खर्च न करता हे दाखवलंय. याला पोरकटपणा म्हणायचा?

भुसावळ लोको

बेनीचा मुद्दा सुंदर आहे, पण तो मुखपृष्ठाचा आहे, गोष्टीचा नाही. आणि 'शोअर लीव्ह'चं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिथला ससा यंत्राने बनवलेला असतो. ग्रहाच्या पोटात कारखाना, वर बागबगीचा, माणसाच्या मनातलं वाचून हवं ते तयार करून देणारी करमणुकीची जागा. प्रगत लोकांनी मुद्दाम बांधलेली. हे एकदा कळलं की मागचं सगळं जुळतं. इथे काय जुळलं?

धुळेकर

मला जादूचं वावडं नाही, मला हिशेब खटकतो. मूळ मालिकेच्या पहिल्याच सीझनचे भाग होते २९, तीन सीझन मिळून ७९. त्यात दोन-चार भाग मौजेचे निघाले तर काही बिघडत नव्हतं. आता सीझन दहा भागांचा. दहातला एक गेला म्हणजे दहावा हिस्सा गेला. पुढच्याच भागात हेमर मारला जातो! त्याच्यासाठी जीव तुटावा इतकी ओळख होण्याआधीच. हे तासभर हेमरच्या खऱ्या गोष्टीला दिलं असतं तर बरं झालं असतं.

यावलची

याच भागात हेमर सगळ्यात जास्त भेटतो की, दादा! एरवी तुसडा वाटणारा माणूस जादूगाराचा आव आणतो, हातवारे करतो, आणि पूर्ण वेळ डोकं मात्र इंजिनिअरचं. पुढच्या भागात तो गेल्यावर मला हाच हेमर डोळ्यांपुढे आला.

पारोळ्याचा भाऊ

मन्हं म्हननं इतलंच शे : अ‍ॅक्टर लोकेस्नी कमाल कयी.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमच्या भागात तमाशाच्या वगात राजा होणारा माणूस दिवसा दुसऱ्याच्या शेतात राबताना मी पाहिलाय. पगडी चढली की मानेचा ताठा बदलतो, चाल बदलते. पाईकचं काम करणारा अ‍ॅन्सन माउंट बघा. एरवी कॅप्टन खुर्चीत बसतो तो ऐसपैस, खांदे मोकळे. इथे तोच माणूस कोपर अंगाशी घेऊन उभा राहतो, नजर सारखी दाराकडे, बोलताना आवाज वर चढतो. लढाईचं नाव काढलं की दुसऱ्याच्या मागे. चेहरा तोच आणि माणूस दुसरा. हे येरागबाळ्याचं काम नाही. जहाज चालवणाऱ्या ओर्टेगासला तर या भागाआधी खुर्चीतून उठायलाच मिळालं नव्हतं, इथे तलवार मिळाल्यावर ती पडदा खाऊन टाकते.

चाळीसगावकर

लोको भाऊंच्या 'जुळणं' या मुद्द्यावर बोलतो, कारण खरा वाद तिथे आहे. आमच्या चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याचा. त्याच भास्कराचार्यांची 'लीलावती' उघडून बघा. ग्रंथ ११५०चा, विषय कोरडं गणित, आणि आत काय? कमळात अडकलेला भुंगा आणि बाहेर गुणगुणणारी त्याची सोबतीण. खांबावरचा मोर आणि बिळाकडे धावणारा साप. कर्णावर बाण सोडणारा अर्जुन. शास्त्राला गोष्टीचे कपडे घातले म्हणून शास्त्र हलकं झालं असं आठशे वर्षांत कुणी म्हटलं नाही. बाप लेकीला समजावतोय अशी कथाही त्या ग्रंथाला चिकटली. अकबराच्या दरबारातला कवी फैजी, त्याच्या १५८७च्या फारसी भाषांतरात ती येते.

भुसावळ लोको

भाऊ, याच्याइतकं चांगलं उदाहरण माझ्या बाजूने मलाही सुचलं नसतं! भुंग्यांचं गणित सोडवा : थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीवर गेलं, आठ-नवमांश दुसरीकडे, उरली एक जोडी. उत्तर ७२. अर्जुनाचे बाण १००. निम्मे कर्णाचे बाण अडवायला, वर्गमूळाच्या चौपट घोड्यांसाठी, सहा शल्यासाठी, तीन छत्र-ध्वज-धनुष्यासाठी आणि एक शिरासाठी. ५०, ४०, ६, ३, १. बेरीज करा, बाण ना कमी ना जास्त. भुंग्याच्या जागी हत्ती ठेवा, उत्तर तेच येणार. गोष्ट कितीही रंगवा, आतलं गणित सुटलंच पाहिजे. या भागाचं उत्तर काय आलं ते सांगा.

चाळीसगावकर

सांगतो. तुम्ही तेजोमेघाचं गणित मांडताय. लेखकांनी बापाचं मांडलंय, आणि ते तिसऱ्या भागापासून मांडलंय. मुलगी बफरमध्ये आहे हे तिथेच उघड होतं. बफरमध्ये माणूस राहू शकतो हेही आजचं नाही, १९९२च्या 'रेलिक्स' या भागात मूळ मालिकेतला इंजिनिअर स्कॉटी ७५ वर्षं तसाच होता. म्हणजे दिलेली माहिती अशी : मुलगी मरत नाही, पण वाढतही नाही. औषध सापडत नाही. रोज थोडी बाहेर काढली तर आजार तेवढा पुढे जातो, न काढावी तर ती जगतच नाही. याला दोनच उत्तरं आहेत, औषध सापडणं किंवा मुलीला सोडणं. तेजोमेघ नसता तरी प्रश्न तोच होता आणि बाप तो टाळत होता. परीकथेत नेलं म्हणून त्याला टाळता आलं नाही. राजा व्हायला लावलं, शोध घ्यायला लावलं, आणि शोध घेत घेत तो लेकीच्या खोलीपर्यंत पोचला. शेवटचा निर्णय जादूने घेतला नाही, त्याने घेतला.

नंदुरबार सिस्टर

मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. कपड्यांच्या आणि भुंग्यांच्या वादात मला पडायचं नाही, मला शेवटाबद्दल बोलायचंय, आणि थोडं रागाने.

आमच्याकडे सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं येतात. सातपुड्यातल्या पाड्यांवरून. आई आणि बाप दोघांकडूनही तो जनुक आला की आजार होतो. हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे झटके कमी होतात, पण गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. एक बाप मला कायम आठवतो. मुलाला झटका आला की हाडं इतकी ठणकायची की चादर बाजूला करू द्यायचा नाही. आम्ही सलाईनसाठी शीर शोधायचो तेव्हा बाप दुसऱ्या बाजूला बसून गोष्ट सांगायचा. राजाचं नाव मुलाचंच. वाघ, डोंगर, नदी, सगळं घरामागचं. सुई आत जायच्या क्षणी तो बरोब्बर वाघाला झेप घ्यायला लावायचा. मूल सुईकडे बघायचंच नाही. त्यामुळे मबेंगा पुस्तक उघडतात तेव्हा मला ते पोरकट वाटूच शकत नाही. पहिली पाऊण गोष्ट मी अक्षरशः श्वास धरून पाहिली.

पण शेवट? मुलीने क्षणात 'मी राहते' म्हणायचं, बापाने क्षणात मान डोलवायची. ज्याला नीट ओळखतही नाही अशा कुणाच्या तरी भरवशावर. आमच्याकडे रक्त चढवायचं तरी संमतीपत्रावर सही घेतो, पालकांना पुन्हा पुन्हा समजावतो. आणि लगेच दुसऱ्या क्षणी ती मुलगी मोठी बाई होऊन परत येते. खूप वर्षं मजेत जगले म्हणते, त्या जाणिवेला आईचं नाव ठेवलं म्हणते. म्हणजे बापाला मिनिटभरही न कळण्यात राहावं लागत नाही. आमच्या वॉर्डातून मूल हरवलेला कुठलाही बाप हे बघेल तर त्याला काय वाटेल याचा विचार लेखकांनी केलेला दिसत नाही.

अमळनेर मास्तर

सिस्टर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत आहे. लहान मुलाला निर्णय कळत नाही हे आपण मोठी माणसं फार सहज गृहीत धरतो. साने गुरुजी आमच्याच अमळनेरला शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांना गोष्टी सांगायचे. मुलाचं दुःख आणि मुलाची समज ही मोठ्यांच्याइतकीच खरी आहे असं मानणारा माणूस होता तो. रुकियाला बफरमध्ये ठेवताना तिला कुणी विचारलं होतं? आत-बाहेर करायचं सगळं बापाने ठरवलं. या भागात पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारतं, तुला काय हवंय. ती सांगते. मला तिथे भरून आलं.

नंदुरबार सिस्टर

विचारलं हे बरोबरच केलं, सर. पण कधी विचारलं? एका हाताला आजार आणि मरण, दुसऱ्या हाताला कायमचा खेळ. असं समोर ठेवून मुलाला विचारणं म्हणजे विचारणं नव्हे. आणि तो एकाकी जीव स्वतःला सोबत हवी म्हणून अख्खं जहाज धरून बसलेला! त्याच्या समोर मूल मोकळेपणी 'नाही' म्हणू शकतं का?

धुळेकर

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. क्रूलाही पाच तासांतलं काही आठवत नाही. म्हणजे काय घडलं हे विचारणारंही कुणी उरत नाही.

भुसावळ लोको

सिस्टर, माझी तक्रार आणि तुमची तक्रार एकाच ठिकाणी येऊन मिळते असं दिसतंय. ती मोठी होऊन परत येण्याचा प्रसंग काढून टाका. मुलगी गेली, तेजोमेघ मागे पडला, जहाज निघालं, डॉक्टर रिकाम्या बफरसमोर. तर माझं निम्मं म्हणणं मी मागे न घेताही हा भाग मला चालला असता. तेव्हा जादूला किंमत पडली असती.

यावलची

नाही नाही, दादा. तो प्रसंग काढला तर काहीच उरत नाही. परीकथेत हरवलेलं मूल परत येऊन सांगतं ना, म्हणून तर परीकथा सांगायची. ज्या बापाने वर्षानुवर्षं पुस्तकाचा शेवट पुढे ढकलला, त्याला शेवट कुणीतरी सांगायला नको? आणि ती परत येऊन राहत नाही. भेटून जाते. मुलगी गेलीच आहे. जहाजाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी उना, तिच्याजवळ बसून तो शेवटी ती गोष्ट सांगायला लागतो तेव्हा डॉक्टरांचं काम करणाऱ्या बाब्स ओलुसानमोकुन यांचा आवाज ऐका, सुटलेल्या माणसाचा आवाज नाही तो.

नंदुरबार सिस्टर

आवाजाचं मान्य, ताई, तो माणूस पूर्ण भाग एकट्याच्या खांद्यावर नेतो. पण भेटून जाणारी मुलं गोष्टीतच असतात. तो वाघवाला बाप अजून औषधाच्या तारखेला येतो, मूल आता त्याच्या कानापर्यंत आलंय. मला हा भाग त्याला दाखवायला आवडेल. दाखवेन तेव्हा तेजोमेघ मुलगी मागतो तिथे थांबवेन, आणि तू काय केलं असतंस ते त्यालाच विचारेन.