हे खरे आहे काय? विरोधी खासदाराचे घरांवरचे प्रश्न आणि आमचे अडकलेले पैसे

पोटमाळा

काल आपल्या या चर्चागटावर एक पोस्ट फिरली. आपल्याकडच्या विरोधी पक्षाच्या खासदार बाईंनी लोकसभेत रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदा आणि त्याखालचं प्राधिकरण), रखडलेली घरं, विकास आराखडे यांवर प्रश्नांचा रतीब घातलाय, पण “प्रश्न विचारून कुणाच्या डोक्यावर छप्पर येत नाही, मंत्र्यांनी ‘जमीन हा राज्याचा विषय’ म्हणून दोन ओळींत वाटेला लावलं.” खाली टाळ्याच टाळ्या. मला राग आला, आणि का आला ते नीट सांगते.

२०१५ साली आम्ही घर बुक केलं, ताबा २०१८ चा. २०१८ मध्ये तिथे पार्किंगचे खांब आणि गुडघाभर पाणी. रेराकडे गेलो. कलम १८ खाली निकाल आमच्या बाजूने लागला: पैसे परत, व्याजासकट, व्याज स्टेट बँकेच्या दराहून २ टक्के जास्त. घरी पेढे आणले. मग वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं, तिथून तहसीलला. कलम ४० सांगतं, जमीन महसुलाची थकबाकी वसूल करता तशी वसुली करा. आमचा कागद कुठल्या कपाटात आहे हे सांगणारा माणूस भेटायलाच ११ खेपा झाल्या. पैसे अजून नाहीत.

आता दिल्लीचं उत्तर बघा. रेराच्या प्रश्नाला राज्यवार तक्ता जोडतात: नोंदणी झालेले प्रकल्प, नोंदणी झालेले एजंट, निकाली काढलेल्या तक्रारी. त्या शेवटच्या रकान्यात मी आहे. सरकारच्या लेखी माझी तक्रार निकाली निघाली. पैसे हातात पडले का, हा रकानाच नाही. तो मागायला कुणीतरी प्रश्न विचारावाच लागतो, आणि सरकारला अडचणीचा रकाना सरकारच्या बाकावरून सहसा कुणी मागत नाही.

राहिला ‘राज्याचा विषय’. जमीन राज्याची, कबूल. पण रेरा संसदेने केलाय, समवर्ती सूचीतल्या (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीतल्या) करार आणि मालमत्ता हस्तांतरणाच्या आधारावर. पश्चिम बंगालने आपला वेगळा कायदा केला तो सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये रद्द केला, कारण त्या विषयावर संसदेचा कायदा होता. आपला महाराष्ट्राचा २०१२ चा गृहनिर्माण कायदा रेराच्या कलम ९२ ने मोडीत काढला. राज्याचा कायदा काढून टाकायला केंद्र पुढे येतं, तर उत्तर द्यायलाही यावं.

सातबारा

ताई, ती पोस्ट माझीच आणि ती मी मागे घेणार नाही. तुमच्या पैशांचं वाईट वाटतं, पण त्यासाठी खासदाराला हार घालायचं कारण दिसत नाही.

लोकसभेत दिवसाला २३० अतारांकित प्रश्न घेतात. त्यांचं उत्तर लेखी, सभागृहात कुणी चकार शब्द काढत नाही. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, २०, आणि तासाभरात त्यातले मोजकेच पुकारले जातात. एका सदस्याला दिवसाला पाच नोटिसा देता येतात, त्या स्वीय सहायक लिहितो, पुढे सोडतीचा खेळ. वर्षाअखेर चौकात फ्लेक्स लागतो, ‘सर्वाधिक प्रश्न विचारणारे लोकप्रतिनिधी’. आमच्या चौकात लागला होता, त्याच्या मागे सात वर्षं अर्धवट उभी असलेली इमारत.

समाजवादी नेत्या मृणाल गोरेही विधानसभेत प्रश्न विचारायच्या. पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. लाटणी घेतलेल्या बायकांसोबत रस्त्यावर उतरल्या, कमाल जमीन धारणा कायद्याखालची अतिरिक्त जमीन सामान्य माणसासाठी मागत राहिल्या, आणि गोरेगावला दिंडोशीत नागरी निवाराची घरं उभी राहिली. याला म्हणतात विरोधी पक्ष.

मैदान आरक्षित

प्रश्नांमध्ये नियोजनाचाही मुद्दा होता, त्यावर कुणीच बोलत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात फेरबदल करून मैदानं-शाळांसाठी राखलेल्या जागांची आरक्षणं उठतात. राजपत्रात सूचना, हरकतींना एक महिना. आमच्या मुलांचं मैदान असंच गेलं. सूचना वाचली तेव्हा मुदत संपून आठवडा झाला होता. हे मात्र खासदाराने नाही, आमदाराने लक्षवेधीत मांडायला हवं.

तिसरा मजला

विचारायचंच तर पुनर्विकासाचं विचारा ना! ४ जुलै २०१९ चा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालचा शासन निर्णय: एकूण सभासदांपैकी ५१ टक्के तयार झाले की बाकीच्यांनी सामान बांधायचं. आमच्याकडे २४ सभासद, १३ जणांनी हात वर केले. माझ्या आईने केला नाही. ८१ वर्षांची बाई, ४६ वर्षं त्याच घरात. निघताना तिने देवघराखालची फरशी सुताराकडून उकलून घेतली. ती आता भाड्याच्या घरात कपाटामागे उभी आहे. बिल्डरने १४ महिने भाडं दिलं, पंधराव्याचा चेक परत आला. तेव्हापासून आमचं आम्ही भरतोय.

सेक्रेटरी बारा वर्षं

तुमच्या आईंबद्दल आदर आहे, पण दुसरी बाजू मीही भोगलीय. आमच्या इमारतीत दोन सभासदांनी चार वर्षं सगळं अडवून धरलं. एकाला वाढीव पार्किंग हवं होतं, दुसऱ्याचं माझ्याशी पाण्याच्या मोटरवरून वैर. त्या चार वर्षांत पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघराचा स्लॅब सुटून शाळकरी मुलाच्या खांद्यावर पडला. मी त्याला उचलून रिक्षात घातलं, माझ्या शर्टाला चुना आणि रक्त. सगळ्यांची संमती हवी म्हणणाऱ्यांनी त्या मुलाच्या आईसमोर येऊन म्हणावं.

तिसरा मजला

सगळ्यांची संमती हवी असं मी कुठे म्हटलं? दाखवा! तुम्ही सेक्रेटरी लोक निविदा येण्याआधीच ‘आपला माणूस’ ठरवून ठेवता आणि मग धोकादायक इमारतीची भीती घालता. सभेचं चित्रीकरण करायचं असा नियम आहे. आमच्या सेक्रेटरीने ‘कॅमेरा बिघडला’ म्हणून सांगितलं.

सेक्रेटरी बारा वर्षं

तोंड सांभाळून बोला. बारा वर्षांत सोसायटीच्या पैशाचा चहा प्यायलो नाही. तुमच्या सेक्रेटरीचं पाप माझ्या माथी मारू नका.

वकिलीण

दोघांनीही जरा थांबा. ७९(अ) चे निर्देश उच्च न्यायालयाने मार्गदर्शक मानलेत, ते मोडले म्हणून सगळा ठराव आपोआप पडेलच असं नाही. त्याहून महत्त्वाचं: मूळ सभासदाला रेराचं संरक्षण जवळपास मिळतच नाही. पुनर्विकासात विक्रीची घरं रेराखाली नोंदवली जातात. नवा ग्राहक रेराकडे जाऊ शकतो. ज्याची जमीन, ज्याचं घर पाडलं, त्याला मात्र विकासकराराचं भेंडोळं घेऊन दिवाणी न्यायालयात नाहीतर लवादाकडे जावं लागतं. १४ महिन्यांनी भाडं थांबलं तर तुमच्या आई रेरासाठी ‘अलॉटी’, म्हणजे बिल्डरकडून घर घेणारा ग्राहक, ठरत नाहीत.

तिसरा मजला

म्हणजे वरच्या मजल्यावर उद्या घर घेणारा रेरात आणि माझी आई बाहेर?

वकिलीण

हो. आणि ‘अलॉटी’ची व्याख्या संसदेच्या कायद्यात आहे, ती संसदच बदलू शकते.

सातबारा

बदलणार कशी? खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं, म्हणाल, तर १९७० नंतर एकाचाही कायदा झालेला नाही. विरोधी बाकावरून कायदा बदलत नसतो, हेच मी पहिल्यापासून सांगतोय.

जोडपत्र

मी निवृत्त आहे, कुठल्या खात्यातून ते सांगत नाही. तीसेक वर्षं अशाच प्रश्नांची उत्तरं तयार केली. विधिमंडळाची उत्तरं सगळ्यांना पाठ असतात: ‘हे खरे आहे काय?’ ‘हे अंशतः खरे आहे.’ आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही.’ मीही ती वाक्यं शेकड्यांनी लिहिलीत आणि लिहिताना लाज वाटलीय.

पण ज्या रात्री प्रश्न येतो ती रात्र तुम्ही पाहिलेली नाही. दुपारी चारला संदेश: उद्या सकाळी दहापर्यंत माहिती. मग कपाटं उघडतात. तालुक्याला फोन, तिथला कारकून घरून परत येतो. एकदा एका गृहप्रकल्पावर प्रश्न आला. दोन वर्षं ज्या नस्तीवर कुणी सही करत नव्हतं तिच्यावर रात्री साडेअकराला सही झाली, कारण ‘कार्यवाही प्रलंबित आहे’ हे साहेबांना छापील उत्तरात नको होतं. त्या माणसांना ताबा कुणामुळे मिळाला हे त्यांना आजही माहीत नाही.

आणि मंत्र्याने सभागृहात ‘माहिती घेऊन कळवतो’ म्हटलं तर ते आश्वासन धरतात. लोकसभेत आश्वासन समिती असते, तीन महिन्यांत पूर्ण करायची अपेक्षा असते. मुदतवाढी मागतात, खरं आहे, पण त्या लेखी मागाव्या लागतात.

सातबारा यांचं एक मात्र बरोबर. सगळे प्रश्न सारखे नसतात. ‘सरकार घरांसाठी काय पावलं उचलत आहे?’ असं विचारलं की आम्ही जुनंच उत्तर तारीख बदलून पाठवायचो, पाच मिनिटांचं काम. घाम फुटायचा तो आकडा मागितला की.

सातबारा

साडेअकराच्या सहीवर माझ्याकडे उत्तर नाही. ठीक आहे, प्रश्न वाया जातात हे वाक्य मागे घेतो. फ्लेक्सचं नाही घेणार. तुमच्या खासदार बाईंच्या यादीतले पहिले दहा आत्ता वाचले. त्यात सहा ‘काय पावलं उचलत आहे’ छापाचे आहेत.

पोटमाळा

सहा नाही, पाच. पण पाचही नकोत, हे मान्य. दीडशे शब्दांची मर्यादा असते, त्यात बसवून मी मसुदा केलाय. उद्या त्यांच्या कार्यालयात नेऊन देणार:

(क) रेरा कायद्याच्या कलम ४० खाली जारी झालेल्या वसुली वॉरंटांची राज्यवार संख्या व रक्कम किती. (ख) त्यापैकी प्रत्यक्ष वसूल होऊन घरखरेदीदाराला मिळालेली रक्कम किती. (ग) पुनर्विकासातील मूळ सभासदांना ‘अलॉटी’च्या व्याख्येत आणण्याचा प्रस्ताव आहे काय, नसल्यास कारणे काय?

सेक्रेटरी बारा वर्षं

(ग) मध्ये थांबलेल्या भाड्याचा स्पष्ट उल्लेख करा. नाहीतर ‘विषय विकासकरारांतर्गत आहे’ म्हणून हात झटकतील.

तिसरा मजला

हे पटलं. बाकीचं नाही.

सातबारा

(ख) च्या पुढे ‘वॉरंट निघाल्यापासून सरासरी किती दिवसांत’ घाला. आणि उद्या किती वाजता जाताय? मी येतो, माझ्याकडेही एक वॉरंट आहे, २०२१ चं.