माळ्यावरचा लाँगबोर्ड खाली काढलाय. वय ५२. शिकू का?

पारिजात (नाशिक)

नमस्कार मंडळी.

मुलगा बंगळूरला कॉलेजात असताना त्याने एक लाँगबोर्ड, म्हणजे उभं राहून चालवायचा लांब स्केटबोर्ड, घेतला होता. पुढे तो नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि बोर्ड माळ्यावर गेला. परवा दिवाळीची साफसफाई करताना जुन्या चादरीत गुंडाळलेला हाताला लागला. उभा केला तर माझ्या कमरेपर्यंत येतो.

दुपारी खाली कोणी नव्हतं. पार्किंगमध्ये ठेवला, एका हाताने खांब धरला आणि वर चढले. फळी पायाखाली किंचित लवली, जिवंत असल्यासारखी. खांब न सोडता स्वतःला हळूच पुढे ढकललं. दीड-दोन फूट गेले असेन. तेवढ्यात पोटात जे काही झालं ते याआधी कधी झालं होतं हे आठवायला वेळ लागला. मामाच्या वाड्यातला झोपाळा. मी तेव्हा चौथीत होते.

बँकेत नोकरी, रोज पाऊण तास चालते, गुडघे अजून तक्रार करत नाहीत. चाकांवर सायकल आणि स्कूटी एवढाच अनुभव. यांचं म्हणणं, या वयात हात मोडून घेशील. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, शीक. पण आधी थांबायला शीक." कॉलनीमागे नवीन लेआउट पडलाय, डांबरी रस्ता झालाय आणि घरं अजून उठलेली नाहीत, त्यामुळे जागा आहे.

या वयात सुरू केलेलं इथे कोणी आहे का? आणि हा आनंद टिकतो का, की त्या दोन फुटांपुरताच असतो?

समुद्रवारा (टॉरन्स, कॅलिफोर्निया)

पारिजातताई, मी ५६व्या वर्षी सुरू केलं. आता ६३ चालू आहे. तुमचा झोपाळा वाचला आणि राहवलं नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माझं लहानपण किर्लोस्करवाडीचं. वडील फिटर. आमच्या आळीत प्रत्येक पोराकडे बेअरिंगची गाडी असायची. भंगारातली तीन बेअरिंगं, पुढे एक आणि मागे दोन, खोक्याची फळी, आणि पुढचा दांडा वळवायला सुतळी. तिचा खडखडाट दोन आळ्या पलीकडे ऐकू जायचा आणि उतारावर दातावर दात आपटायचे. ते सुख मी सातवीनंतर सोडून दिलं होतं.

५६व्या वर्षी गुडघ्यातली कूर्चा फाटली आणि डॉक्टरांनी धावणं बंद केलं. त्याच महिन्यात भाचीच्या वाढदिवसासाठी स्केटबोर्ड घ्यायला एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीला माझ्या प्रश्नांवरून काय वाटलं कोण जाणे, तिने मलाच उभं केलं आणि डोळे मिटायला सांगून पाठीवर हलकेच ढकललं. माझा उजवा पाय पुढे पडला. ती म्हणाली, "तुम्ही गूफी." उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याला गूफी म्हणतात, डावा पुढे ठेवणाऱ्याला रेग्युलर. दोन्हींत उजवं-डावं काही नाही. तुम्हीही घरात कोणाला तरी असंच ढकलायला सांगा, म्हणजे कुठला पाय पुढे ठेवायचा ते ठरेल.

मग तिने एक लांब बोर्ड हातात दिला. मी तो उलटा करून चाक बोटाने फिरवलं. आत ६०८ नंबरचं बेअरिंग, ८ मिलिमीटरचं भोक, २२ मिलिमीटरचा बाहेरचा व्यास. वडिलांच्या पत्र्याच्या डब्यात अशीच बेअरिंगं ग्रीसमध्ये बुडालेली असायची. भाचीसाठी एक घेतला आणि माझ्यासाठी एक.

फरक होता तो बेअरिंगभोवतीच्या चाकात. इथेही सुरुवातीला पोरांनी रोलर स्केटची चाकंच फळीला ठोकली होती. आधी धातूची, मग भाजलेल्या मातीच्या मिश्रणाची. समुद्राला लाटा नसल्या की सर्फिंग करणारे ती फळी घेऊन रस्त्यावर यायचे. पण मातीचं चाक चण्याएवढ्या खड्यावर अडायचं आणि माणूस पुढे फेकला जायचा. फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने व्हर्जिनियातल्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात युरेथेनची, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकची, चाकं पाहिली आणि १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, इथून दक्षिणेला दोन तासांवर असलेल्या एन्सिनिटासला येऊन, ती कॅडिलॅक या नावाने विकायला काढली. युरेथेन रस्त्याला चिकटून चालतं, खडा पोटात घेतं आणि आवाज करत नाही. लाँगबोर्डची चाकं तर आणखी मोठी, साधारण ७० मिलिमीटर, आणि मऊ. माझ्या लहानपणच्या गाडीत नेमकं एवढंच कमी होतं.

आता तुमचा खरा प्रश्न. लोकांना वाटतं मजा वेगात आहे. मला ती वळणात सापडली. म्हणून तर माझं वय कुठे आड आलं नाही.

आमच्या इथे टॉरन्सच्या किनाऱ्यापासून उत्तरेला विल रॉजर्स बीचपर्यंत समुद्राला लागून सुमारे ३५ किलोमीटरचा काँक्रीटचा मार्ग जातो. मार्व्हिन ब्राउड नावाच्या नगरसेवकाचं नाव दिलंय त्याला. मी सकाळी सहाला उतरतो. जूनमध्ये त्या वेळी सगळं धुक्यात असतं, समुद्र फक्त ऐकू येतो. चार ढकल्यांत बोर्ड चालू लागतो. मग पाय जमिनीवर टेकायचाच नाही. भार बोटांवर आणला की बोर्ड एका अंगाला वळतो, टाचांवर नेला की दुसऱ्या. फळी वळणात खाली लवते आणि वळण संपताना तुम्हाला वर उचलून देते, त्या उचलण्यावरच पुढचं वळण सुरू होतं. काँक्रीटच्या सांध्यांवर टक-टक, टक-टक होत राहतं, रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेससारखं. दहा-बारा वळणं झाली की पाय काय करताहेत याचा विचार सुटतो. आधी गुडघे, मग कंबर, मग खांदे, सगळं एकाच लयीत येतं. त्या वेळी डोक्यात शब्द नसतात. लहानपणी आजोबांबरोबर भजनाला बसायचो, टाळ एकदा लयीत पडले की हात आपले राहायचे नाहीत. त्याच्या इतकं जवळचं मला दुसरं काही भेटलेलं नाही.

वेग म्हणाल तर सायकलवाले मला सहज मागे टाकतात.

मुलाचं ऐका, थांबणं आधी. मी पहिले पंधरा दिवस एका शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तेवढंच केलं. सगळा भार पुढच्या पायावर, त्याचा गुडघा वाकलेला, आणि मागचा पाय खाली आणून तळवा जमिनीवर घासायचा. दाबायचा नाही, पोळी लाटताना शेवटचं लाटणं फिरवतो तितकाच हलका. ज्या उतारावर असं थांबता येत नाही त्या उतारावर पाऊल ठेवायचं नाही. हा नियम मी आजही पाळतो.

आणि पडलोही. चौथ्या महिन्यात. रात्रभर वारं होतं, मार्गावर वाळूची पातळ साय धरली होती आणि पहाटेच्या उजेडात ती मला दिसली नाही. चाकं रुतली, बोर्ड जागच्या जागी थांबला, मी पुढे गेलो. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मनगटाचे गार्ड तेव्हा घरीच पडून होते. ती चूक माझी, ती तुम्ही करू नका. पहिल्या आठवड्यात मी बोर्ड गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. एका संध्याकाळी घरी आलो तर बायकोने तो बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आणून ठेवलेला. बोलली काहीच नाही, चहा टाकायला गेली. सतरंजीवर चाकं फिरत नाहीत, पण फळी लवते. रोज दहा मिनिटं नुसता त्यावर उभा राहून बोटं-टाचा, बोटं-टाचा करायचो. प्लास्टर निघेपर्यंत पाय शिकत होते.

वयाबद्दल एकच. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, स्केटबोर्डिंगच्या पार्क प्रकारात, म्हणजे वाडग्यासारख्या खोलगट मैदानात कसरती करतात त्यात, ब्रिटनकडून अँडी मॅक्डोनाल्ड उतरला, वय ५१. त्याच पार्कमध्ये चीनची झेंग हाओहाओ उतरली, वय ११. तो खेळ आपल्यापेक्षा कितीतरी अवघड, त्याची तुलना नको. पण फळीला तुमचा जन्मदाखला लागत नाही, एवढं मला त्या दिवशी टीव्हीसमोर बसून पटलं.

सात वर्षं झाली. टिकतो, ताई.

गुळपोळी (पुणे)

काकांनी जीव ओतून लिहिलंय, मी फक्त सामानाचं सांगते.

काकू, माळ्यावर इतकी वर्षं राहिलेला बोर्ड तसाच चालवू नका. चारही चाकं फिरवून पाहा. घरघर आवाज आला किंवा चाक लगेच थांबलं तर बेअरिंगं गंजली आहेत. ती बदला, ६०८ नंबर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतो. मग ट्रक पाहा, म्हणजे चाकांचा तो धातूचा दांडा असतो ना, तो. त्यात मधल्या मोठ्या बोल्टवर रबरासारखी दोन गोल बुशिंगं असतात. त्यांना चिरा असतील तर तीही बदला, कारण बोर्ड वळतो तो त्यांच्यामुळे. सुरुवातीला मधला नट फार सैल ठेवू नका. चाकांवर ७८ए किंवा ८०ए असं कडकपणाचं माप छापलेलं असेल तर उत्तम, ती मऊ आहेत, आपल्या डांबरी रस्त्याला तशीच हवीत. बूट सपाट तळाचे, कॅनव्हासचे. धावायचे बूट नकोत, त्यांच्या फुगीर तळव्यातून फळी कळत नाही.

हेल्मेट तर घालायचंच, पार्किंगमध्येसुद्धा.

आणि "या वयात", "बाईमाणसाने" वगैरे कोणी म्हणालं तर त्यांना मध्य प्रदेशातल्या जनवारबद्दल सांगा. पन्ना जिल्ह्यातलं छोटं गाव, २०१५ मध्ये तिथे उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी स्केटपार्क उभा केला. नियम दोनच: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. तिथली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत खेळून आली. मला पहिल्यांदा कर्वे रस्त्यावर सोसायटीच्या वॉचमनने हटकलं तेव्हा मी तिचाच विचार करत होते.

सांधेजोड (कोल्हापूर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिकाच, पण पाळी थांबली असेल किंवा थांबत आली असेल तर आधी हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. पडताना माणूस हात पुढे करतोच, त्यामुळे या वयात पहिलं मोडतं ते मनगट. गार्ड घालूनही हात ताठ करून टेकू नका, कोपर वाकवून अंगावर घरंगळायचं. गादीवर सराव करा.

रोज दात घासताना एका पायावर उभ्या राहा, सकाळी डावा, रात्री उजवा. ढकला मारताना तुम्ही दर वेळी एकाच पायावर असणार आहात.

पारिजात (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितेय.

तपासण्या झाल्या. ड जीवनसत्त्व कमी निघालं, औषध चालू आहे, हाडं ठीक. दोन बेअरिंगं खरंच गंजली होती, ती द्वारका चौकाजवळ मिळाली. दुकानदाराने कुठल्या मशीनला हवीत म्हणून विचारलं, मी बोर्ड दाखवला. त्याने बाकीची सहाही काढून, रॉकेलमध्ये धुऊन, तेल देऊन बसवून दिली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, लहानपणी आम्ही यांच्या गाड्या करायचो. समुद्रवारा, तुमची आठवण झाली.

यांनी पाठीवर ढकलून पाहिलं. मीही गूफी. सकाळी साडेसहाला हे चालायला येतात आणि मी लेआउटच्या रस्त्यावर असते. तीन आठवडे फक्त ढकलणं आणि थांबणं. परवा पहिल्यांदा पाय वर ठेवून वळणं घेतली, मोजून चार. चौथ्या वळणात ती फळी वर उचलते म्हणालात ना, ते कळलं. घरी येऊन पोहे करताना हात थरथरत होते, इतका आनंद झाला होता.

अडचण एक आहे. डावीकडे बोटांवर भार देऊन छान वळते. उजवीकडे टाचांवर गेलं की मागे कलंडेन असं वाटतं आणि मी पाय खाली टाकते. काय चुकतंय?

समुद्रवारा (टॉरन्स, कॅलिफोर्निया)

चार! ताई, वाचून आत्ता बायकोला हाक मारली.

टाचेचं वळण सगळ्यांनाच उशिरा येतं. तुम्ही पाठ मागे टाकत असाल. पाठ सरळच ठेवा आणि गुडघे वाकवून, मागे पाट ठेवलाय आणि त्यावर बसायचंय, तसं बसा. मग भार आपोआप टाचांवर येतो आणि डोकं बोर्डच्या वरच राहतं. दुसरं, बोर्डकडे बघू नका. उजव्या खांद्यावरून, जिथे जायचंय तिकडे बघा. आधी मान, मग खांदा, मग कंबर, बोर्ड मागून येतो. रस्त्याच्या उजव्या कडेला एखादं झाड असेल तर त्याचा बुंधा धरा नजरेने आणि वळण पुरं होईपर्यंत सोडू नका.

ट्रकचा मधला नट पाव फेरी सैल करून पाहा. पावच. आणि झाड कुठलं आहे तेही कळवा.