सिद्धेश्वर एक्स्प्रेसने एकटीच पवईला निघालेय, तिकीट आरएसी आहे, काय करू?

कडब्याचा_कार्बन
नमस्कार, मी सोलापूर विद्यापीठात एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पवईच्या आयआयटीत कॉन्फरन्स आहे आणि माझं पोस्टर सिलेक्ट झालंय, विषय आपल्या गावचाच, चादरी-टॉवेलच्या डाईंगचं रंगीत पाणी ज्वारीच्या कडब्यापासून केलेल्या कार्बनने किती साफ होतं ते बघितलंय. सोबत येणाऱ्या मैत्रिणीच्या घरी ऐनवेळी लग्न निघालं म्हणून आता मी एकटीच. स्लीपरचं तिकीट आरएसी 11 आहे. आई म्हणते अनोळखी माणसाशेजारी रात्रभर बसून जायचं असेल तर जाऊच नको. बाबा म्हणतात वंदे भारतने जा, पण ती सकाळी सहाला सुटून दुपारी साडेबाराला पोचते आणि पोस्टर तर सकाळी साडेदहाला लावायचंय. आदल्या दिवशी गेले तर राहायचं कुठे? आणि पवईसाठी उतरायचं कुठे, कल्याण, दादर का सीएसएमटी? आजवर पुण्याच्या पुढं एकटी गेलेली नाही.

भागवत_थिएटरजवळचा
बाळ, आधी अभिनंदन. आरएसी म्हणजे वेटिंग नव्हे, गाडीत चढता येतं हे आईला नीट सांग. साइड लोअरवर दोघांना बसायला जागा असते, पण कुणी कॅन्सल केलं की आरएसीवाल्यांना आधी बर्थ मिळतो, त्यामुळे 11 नंबर चार्टमध्ये कन्फर्म व्हायची बरीच आशा आहे. चार्ट लागला की पीएनआर बघ. नाहीच झालं तर गाडी सोलापुरातूनच सुटते, लवकर जाऊन बस आणि टीटीई आला की एकटी आहे, बर्थ रिकामा असेल तर द्या असं स्पष्ट सांग, लाजू नको. काही त्रास वाटला तर 139 लाव. माझी मुलगी नर्सिंगला असताना अशीच जायची, पहिल्या वेळी मी पण रात्रभर जागा होतो.

कांजूरची_ताई
पवईत दोन वर्षं राहिलेय म्हणून सांगते, कल्याणला उतरू नकोस. सकाळी तिकडून मुंबईकडे येणाऱ्या लोकलमध्ये अख्खी नोकरदार गर्दी असते, त्यात बॅग आणि पोस्टर घेऊन चढणं नव्या माणसाचं काम नाही. दादरला उतर, तिथून ठाण्याकडे जाणारी स्लो लोकल पकड, गर्दीच्या उलट दिशेला जातेस म्हणून लेडीज डब्यात आरामात बसायला मिळतं. फास्टमध्ये चुकूनही बसू नको, ती कांजूरमार्गला थांबत नाही. मध्य रेल्वेचाच प्लॅटफॉर्म बघ, दादरला वेस्टर्नचे पण आहेत आणि तिथंच सगळे गोंधळतात. कांजूरमार्गला उतरलीस की रिक्षा मिळते, मेन गेट म्हण. दादरला रिक्षा शोधत बसू नको, तिथं फक्त टॅक्सी. आणि आंघोळीचं काय ते आयोजकांना आजच मेल करून विचार, सकाळी दोन तास हॉस्टेलची रूम मिळते का म्हणून, विचारण्यात काही कमीपणा नाही.

पोस्टरवाला_दादा
पोस्टर कापडावर प्रिंट कर ना, घडी घालून बॅगेत बसतं. माझं कागदाचं पोस्टर गाडीत बर्थखाली ठेवलं आणि कुणाची तरी पाण्याची बाटली सांडली, सकाळी शाईचे ओघळ, तीन महिन्यांचं काम आणि मी स्टॉलसमोर नुसता उभा. प्रिंटच्या आधी आयोजकांनी उभं मागितलंय का आडवं ते बघ, ए0 म्हणजे 84 बाय 119 सेंटिमीटर साधारण. पीडीएफ मोबाइलमध्ये आणि मेलवर दोन्हीकडे ठेव. आणि तुझ्या विषयावर लोक हमखास विचारतील की वापरलेल्या कार्बनचं नंतर काय करायचं, त्याचं उत्तर तयार ठेव.

कडब्याचा_कार्बन
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा मेसेज आईला वाचून दाखवला, ती एवढंच म्हणाली की टीटीईशी बोललीस की मला फोन कर, कितीही वाजू दे. ताई, मेल केला, उत्तराची वाट बघतेय. दादा, कापडाचं उद्या चौकशी करते, कार्बन परत वापरायचे तीन सायकल केलेत पण तो आकडा पोस्टरवर टाकलाच नव्हता, आता टाकते. डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी आहे, आईने जास्तीच भरलीय.