‘सूर्यकंप’ की ‘सौरदोलन’?

विचारणा (नागपूर): रामन विज्ञान केंद्राच्या भेटीपूर्वी नववीच्या मुलांसाठी सूर्याच्या अंतरंगावर एक टिपण लिहीत आहे. हेलिओसाइस्मॉलॉजीसाठी, म्हणजे सूर्यपृष्ठाच्या हालचालींवरून त्याच्या अंतरंगाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रासाठी, एका सहकाऱ्यांनी ‘सौरभूकंपशास्त्र’ हा शब्द सुचवला आहे. तो चालेल का?

प्रतिसाद (धरमपेठ): सूर्याला घन कवच नाही, तेव्हा ‘भू’ गळायलाच हवा, माझा खरा आक्षेप मात्र ‘कंप’वर आहे. लेटन, नॉइस आणि सायमन या शास्त्रज्ञांनी 1962 साली सूर्यपृष्ठाची जी सुमारे पाच मिनिटांची वरखाली हालचाल प्रसिद्ध केली, ती धक्क्याने उठून विरणारी नाही, तर पृष्ठाखालच्या खळबळीमुळे अखंड चालू असते. आत शिरलेल्या ध्वनिलहरींचा वेग वाढत्या तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे त्या वाकून परत वर येतात आणि पृष्ठाजवळ घनता झपाट्याने घटत असल्याने पुन्हा आत परततात. अशा कोंडलेल्या लहरींपैकी कोणत्या वारंवारता टिकतात, यावरून आतील स्थिती कळते. याउलट जुलै 1996 मधील सौरज्वालेनंतर (सूर्यावरील अचानक स्फोटानंतर) पसरलेली वर्तुळाकार लाट ‘सोहो’ या सूर्यनिरीक्षक यानाने टिपली होती. ‘सूर्यकंप’ हा शब्द अशा घटनेसाठी राखून ठेवावा आणि शास्त्राला ‘सौरदोलनशास्त्र’ म्हणावे.

विचारणा: आभारी आहे. पण ‘ध्वनी’ म्हटले की मुले तो ऐकू येतो का, असे विचारतील.

प्रतिसाद (धरमपेठ): विचारू द्यावे. वारंवारता साधारण 3 मिलिहर्ट्झ (हर्ट्झचा हजारावा भाग म्हणजे मिलिहर्ट्झ) आहे, म्हणजे कानाला ऐकू न येणारा, पाठ्यपुस्तकातील ‘अवश्राव्य ध्वनी’च, शिवाय मधल्या पोकळीतून तो पृथ्वीपर्यंत येऊ शकत नाही. आपण तो पाहतो.

प्रतिसाद (वर्धा रोड): ‘पाहतो’ यालाही नेमका शब्द हवा. उपकरण पृष्ठावरील प्रत्येक ठिपक्याचा वेग डॉप्लर परिणामावरून (जवळ येणाऱ्या वा दूर जाणाऱ्या पृष्ठाच्या प्रकाशाच्या तरंगलांबीत होणाऱ्या बदलावरून) मोजते, म्हणून ‘छायाचित्र’ऐवजी ‘वेगचित्र’ लिहावे. 1995 पासून चालणाऱ्या ‘गाँग’ या सौरदोलने टिपणाऱ्या जाळ्याच्या सहा केंद्रांपैकी एक आपल्या उदयपूरला आहे. एकीकडे रात्र झाली तरी दुसरीकडे सूर्य दिसत राहावा, यासाठी ही केंद्रे जगभर विखुरली आहेत. 2010 मध्ये अंतराळात सोडलेल्या सौर गतिकी वेधशाळेचे उपकरण तर 4096 गुणिले 4096 बिंदूंचे वेगचित्र दर 45 सेकंदांनी घेते. ‘सौरदोलन’ मला मान्य आहे. फक्त मुलांना दोलकच आठवेल, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘सूर्याची ध्वनिदोलने’ असे सविस्तर लिहावे.