मदत हवी आहे: केस हार्डन केलेल्या शाफ्टवर एकाच बाजूला खोल टवके उडतात

आमच्या यंत्रात बेअरिंगला आतली रिंग नाही, रोलर थेट शाफ्टवर धावतात. शाफ्ट २०एमएनसीआर५ पोलादाचा. ९३० अंश सेल्सिअसला गॅस कार्ब्युरायझिंग (पृष्ठभागात कार्बन मुरवणं), तेलात क्वेंच (झटकन थंड करणं), १८० अंशांना टेम्पर (पुन्हा सौम्य तापवणं) आणि मग ग्राइंडिंग. वर ६० एचआरसी (रॉकवेल कडकपणा) मिळते. ग्राइंडिंगनंतर ०.८ मिमी केस, म्हणजे वरचा कडक थर, हवी (विकर्स कडकपणा ५५० एचव्हीवर उतरतो तिथवर धरून), असं ड्रॉइंगवर आहे.

चाचणीत अपेक्षित आयुष्याच्या बरंच आधी टवके उडतात. वरवरचे बारीक खड्डे असते तर तेलावर संशय घेतला असता. हे मोठे आहेत, कडा उभ्या, खोली ०.५ ते ०.६ मिमी. शाफ्ट फिरता आहे, म्हणजे भार सगळ्या घेरावरून जातो, तरी टवके कायम एकाच बाजूला.

रोलर-शाफ्ट स्पर्शासाठीच्या हर्ट्झच्या सूत्राने कमाल दाब २००० मेगापास्कल आणि स्पर्शपट्ट्याची अर्धी रुंदी ०.२८ मिमी येते. सर्वाधिक शिअर (कातर ताण) त्या अर्ध्या रुंदीच्या ०.७८ पट खोलीवर, म्हणजे ०.२२ मिमीवर, सुमारे ६०० मेगापास्कल. तिथे तर पोलाद पूर्ण कडक आहे! मग तुटतंय त्याच्याही खाली का? नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं) करा किंवा सरळ ५२१०० हे बेअरिंगचं पोलाद वापरा, असे दोन सल्ले मिळालेत. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

भट्टीकर:
नायट्रायडिंगचा विचार सोडा. ते ५०० अंशांच्या वर चालतं, तेवढ्या तापमानाला तुमची १८० अंशांवर टेम्पर केलेली केस मऊ पडेल. कार्ब्युरायझिंगवर नायट्रायडिंग होतं, पण त्यासाठी विमान इंजिनांच्या बेअरिंगमधल्या एम५०निलसारखं, मुळातच ५०० अंशांच्या वर टेम्पर होणारं पोलाद लागतं. ५२१०० आरपार कडक होतं. स्वतंत्र रिंगला ते उत्तम, पण वाकणाऱ्या, धक्के खाणाऱ्या शाफ्टला चिवट गाभा हवा. शिवाय कार्ब्युरायझिंगमुळे पृष्ठभागात राहणारा दाबाचा ताण तडे रोखतो, तोही हातचा जाईल.

आता मूळ मुद्दा. ०.२२ मिमीच्या खाली शिअर संपत नाही, हळूहळू उतरतो. ०.६ मिमीवरही तो ४०० मेगापास्कलच्या आसपास असतो. कडकपणा मात्र केस संपताना झपाट्याने पडतो. त्या त्या खोलीवरचा ताण आणि तिथल्या पोलादाची ताकद यांची तुलना करा. ताण कमाल असलेली जागा आणि पोलाद हरणारी जागा एक नसते.

‘एकच बाजू’ हा सगळ्यात मोलाचा धागा आहे. क्वेंचमध्ये शाफ्ट वाकला असेल, तर ग्राइंडिंगमध्ये एका बाजूची केस जास्त खरवडली जाते. प्रमाणपत्रातली केस डेप्थ बहुधा सोबतच्या नमुना तुकड्यावर मोजलेली असते, तुमच्या ग्राइंड झालेल्या शाफ्टवर नाही. टवक्याच्या जागी आणि बरोबर समोर शाफ्ट कापा, दर ०.१ मिमीवर एचव्ही१ (१ किलो भाराने विकर्स कडकपणा) घ्या. दुसऱ्या शाफ्टला नायटल एचही (सौम्य आम्लाने पृष्ठभाग तपासणं) करा, जास्त माल निघालेल्या बाजूला ग्राइंडिंगची जळ, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने बिघडलेला भाग, असू शकते.

मूळ प्रश्नकर्ता:
कापून पाहिलं. समोरच्या बाजूला केस १.१ मिमी, टवक्यांच्या बाजूला ०.५! प्रमाणपत्रात ग्राइंडिंगपूर्वी सगळीकडे १.१ आणि ग्राइंडिंगला ०.३ मिमी सोडलेले. एचमध्ये जळ दिसली नाही. खूप आभार. मग केसच खोल मागावी का?

भट्टीकर:
तो शेवटचा उपाय. खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट केस हवी तर वेळ चौपट, आणि सोबत पोलादाच्या कणांच्या सीमांवरचं ऑक्सिडेशन वाढतं. आधी वाकणं कमी करा, शाफ्ट भट्टीत आडवे ठेवत असतील तर उभे टांगायला सांगा. कडक झाल्यावर प्रेसखाली सरळ करणं मला पटत नाही, केसला तडा जाऊ शकतो.

सेंटर, म्हणजे ग्राइंडिंगसाठी शाफ्ट ज्यावर धरतात ती टोकांची भोकं, मात्र नक्की बदला. हीट ट्रीटमेंटनंतर जुन्याच सेंटरवर न चढवता रेसवेचा (रोलर धावतात त्या भागाचा) घेर पकडून डायल (डगमग मोजणारं उपकरण) लावा आणि सेंटर नव्याने ग्राइंड करून घ्या. मग रेसवेवरून चारही बाजूंनी सारखाच माल निघेल. बाकीच्या व्यासांवर तेवढी ग्राइंडिंगची मुभा आहे का, ते ड्रॉइंगवर आधी तपासा.