रिमोट सर्व्हरवर पडून राहिलेली सेशन्स आपोआप लॉगऑफ करावीत का?

रॅमराखण: सीए ऑफिसांचे टॅलीचे सर्व्हर सांभाळतो. 32 जीबी रॅम, वीसेक युजर, आणि तक्रार ठरलेली: "सर्व्हर स्लो आहे, रॅम वाढवा." टास्क मॅनेजरमध्ये युजर्सचा टॅब उघडावा तर निम्म्या नावांपुढे 'डिस्कनेक्टेड', म्हणजे जोडणी तुटली, पण सेशन (त्या युजरचं सर्व्हरवर उघडलेलं काम) चालूच. माणूस संध्याकाळी वरच्या पट्टीवरची फुली दाबतो आणि घरी जातो. त्याला वाटतं बंद केलं. त्याची टॅली, दोन एक्सेल आणि क्रोमचे पंधरा टॅब मात्र रात्रभर रॅम अडवून बसतात. विंडोज आपणहून यावर काही मर्यादा घालत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ग्रुप पॉलिसी (ॲडमिनने सगळ्या युजरना एकदम लावायचा विंडोजचा नियम) लावा, डिस्कनेक्ट झाल्यावर 30 मिनिटांनी सेशन संपलं पाहिजे. रॅमचं नंतर बघू.

जमाखर्च: साहेब, तालुक्याच्या गावातून कधी काम केलंय का? आमच्याकडे दुपारी लाइट जाते, तिच्यामागोमाग नेट. 20 तारीख, जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायची गडबड, व्हाउचर अर्धं भरलेलं. सगळं सुरळीत व्हायला पाऊण तास जातो. आत्ता परत लॉगिन केलं की कर्सर होता तिथेच सापडतो. तुमच्या पॉलिसीत ते व्हाउचर गेलंच म्हणायचं.

निवांत: वापरात नसलेली मेमरी विंडोज पेजफाइलमध्ये, म्हणजे डिस्कवर, टाकतंच की. पडून राहिलेल्या सेशन्सचा एवढा त्रास नसतो.

रॅमराखण: टाकतं ना. आणि सकाळी दहाला सगळे एकदम हजर झाले की तेच डिस्कवरून परत उचलत बसतं. साधी हार्डडिस्क असेल तर चहा पिऊन या.

कारकूनताई: रॅमचं सोडा. आमच्याकडची एकजण सेशन तसंच टाकून सुट्टीवर गेली, टीडीएसचं एक्सेल तिच्या नावावर लॉक. आम्ही रीड-ओन्ली उघडून कॉप्या करतोय. आता खरी फाइल कुठली ते कुणालाच ठाऊक नाही. लॉगऑफला माझा पाठिंबा.

जमाखर्च: ताई, ॲडमिनला फोन केला तर तो तिचं एकटीचं सेशन बंद करू शकतो.

कारकूनताई: तुमच्याकडे ॲडमिन फोन उचलतो?

पॉलिसीवाला: 30 मिनिटं लावायला जाऊन कुणीतरी चुकून 'आयडल'वर लावतं, म्हणून सांगतो. आयडल म्हणजे कीबोर्ड-माउस हलला नाही, एवढंच. मागे एक्सेलमधून टॅलीत इम्पोर्ट चालू असला तरी विंडोजच्या लेखी तो माणूस आयडलच. त्यात 'मर्यादा संपली की सेशन संपवा' हेही चालू असेल तर इम्पोर्ट अर्ध्यात तुटला. दोन मिनिटं आधी सूचना येते, पण तेव्हा खुर्चीत कोण असतं? आयडलला हात लावू नका. डिस्कनेक्टेडला तीन तास द्या, रात्री सर्व्हर मोकळा.

रॅमराखण: तीन तास म्हणजे दुपारी जेवायला गेलेले सगळे आत राहिलेच. एक तासावर येतो, त्यापुढे नाही.

जमाखर्च: एक तास चालेल. पण जीएसटी रिटर्नच्या तारखांना, 11 आणि 20 ला, पॉलिसी काढून ठेवा, नाहीतर व्हाउचर परत भरायला तुम्हीच या.