मदत हवी आहे: गाडी विकली, पैसे आले, आरसी मात्र अजून जुन्याच मालकाच्या नावावर

फाट्यावरचा

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या पुढे माझा जुन्या गाड्यांचा छोटा धंदा आहे. शेडखाली आठ-दहा गाड्या मावतात आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त माल उभा करायची ऐपतही नाही. वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन, मधूनच एखादी बोलेरो. मी आणि मावसभाऊ, दोघंच बघतो. गिऱ्हाईक म्हणजे सिडको-अंबड-सातपूरचे कंपनीवाले आणि दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडचे बागाईतदार.

गाडी विकताना होत नाही एवढा त्रास ती विकल्यावर समोरच्याच्या नावावर करून घेताना होतोय.

लाइनमधली पद्धत बऱ्याच जणांना माहीत असेल. पार्टीकडून गाडी घेताना २९ (विकल्याची सूचना) आणि ३० (नाव बदलण्याचा अर्ज) नंबरच्या फॉर्मवर सह्या घ्यायच्या, घेणाऱ्याची जागा कोरी ठेवायची. गिऱ्हाईक ठरलं की त्याचं नाव भरायचं. कागदावर गाडी थेट एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आम्ही मध्ये कुठेच दिसत नाही. आमच्या आधीच्या पिढीपासून हे असंच चालत आलंय.

आता माझी केस ऐका. इंदिरानगरच्या एका निवृत्त सरांची गाडी घेतली. एकाच मालकाच्या हातची, सर्व्हिसचा रेकॉर्ड चोख, अशी गाडी उभी राहतच नाही. निफाडकडच्या एका बागाईतदाराने पहिल्याच फेरीत पसंत केली, पैसे चुकते केले, गाडी नेली. ट्रान्सफरचं विचारलं तर म्हणाला, द्राक्षाची गोडी छाटणी होऊ द्या. छाटणी झाली. मग म्हणाला, माल उतरू द्या. माल उतरला, व्यापाऱ्याचे पैसेही आले असं ऐकतो. आता पुढची, उन्हाळ्यातली खरड छाटणी सुरू आहे.

इकडे सरांच्या मोबाइलवर चलनं येतायत. एक ठाण्याचं, एक पुण्याचं, एक सिग्नल तोडल्याचं. दर चलनाला सरांचा मला फोन. माणूस सभ्य, आवाज कधी चढवत नाही, त्यामुळे जास्तच ओशाळायला होतं. एकदा मीच पदरचे पैसे भरून मोकळा झालो, पण हे किती दिवस?

तर विचारायचं हे, की रोखीच्या गिऱ्हाइकाकडून ट्रान्सफर वेळेत कशी करून घेता? "आधी नाव, मग गाडी" म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जातं, तिथे चावी लगेच मिळते. आणि तो डीलरचा नवा परवाना कुणी घेतलाय का? छोट्या माणसाने घेण्यात अर्थ आहे का?

जोडीला दुसरं दुखणं. सप्टेंबर २०२५ ला नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला आणि माझा आधी चढ्या भावाने घेतलेला माल तसाच बसलाय. त्यावर कुणाकडे उपाय असेल तर तोही सांगा.

---

सटाणेकर

सोपं आहे. दुसरी चावी असेलच तुमच्याकडे. रात्री जा आणि गाडी उचलून आणा.

---

फाट्यावरचा

पैसे पूर्ण दिलेत हो त्याने. गाडी उचलली तर चोरीची तक्रार माझ्यावर होईल, आणि तीही बरोबरच असेल.

---

द्वारकेचा जुना भिडू

भाऊ, बरीच वर्षं याच लाइनमध्ये काढली, आता मुलगा बघतो. एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेलच. लोनवाल्या गाडीची ट्रान्सफर कधी रखडत नाही. फायनान्सवाल्याला आरसीवर आपला बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढवून हवा असतो, म्हणून तोच मागे लागतो. रखडते ती रोखीची गाडी, कारण तिथे कुणाचंच काही अडकलेलं नसतं. मग आपणच काहीतरी अडकवून ठेवायचं.

आम्ही असं करतो. भाव ठरतानाच ट्रान्सफरचा खर्च किमतीत धरतो, वेगळा मागत नाही. वेगळा मागितला की गिऱ्हाईक म्हणतं, "आमचा माणूस आहे पेठ रोडला आरटीओत, आम्ही करून घेतो." तो माणूस कधीच नसतो. वर दहा हजार रुपये अनामत, नव्या नावाची आरसी निघाली की परत. पावतीवर तसं स्पष्ट लिहायचं. कुरकुर होते, पण सौदा मोडत नाही. दहा हजारांसाठी बागाईतदारसुद्धा छाटणी सोडून येतो.

दुसरं, विसार घेतानाच गिऱ्हाइकाचा आधार बघून घ्या. पत्ता गावाचा आहे की नाशिकचा, मोबाइल जोडलेला आहे का. आता बहुतेक काम ओटीपीवर चालतं. कित्येकांचा आधारला दिलेला नंबर बंद पडलेला असतो आणि हे डिलिव्हरी झाल्यावर कळतं. विकणाऱ्याचंही तेच. सर भेटीत आहेत तोवर ठीक, उद्या मुलाकडे परदेशी गेले तर ओटीपी कुणाकडे मागणार?

तिसरं, नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी प्लेटशिवाय आरटीओत नाव बदलत नाही की बोजा उतरत नाही. ती विकणाऱ्याकडूनच बसवून घ्या आणि मगच गाडी शेडमध्ये लावा. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी, एवढ्यासाठी सौदा लटकवू नका.

जुना बोजा असला तर बँकेने एनओसी दिल्याची तारीख बघा. ती तीन महिन्यांत शिळी होते. पार्टी "एनओसी आहे ना" म्हणते आणि कपाटातून गेल्या वर्षीची काढते.

आणि डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा, गिऱ्हाइकाची सही आणि चावी घेतानाचा फोटो घ्या. चलनावर मिनिटासकट वेळ असते. सकाळचं चलन सरांचं की संध्याकाळचं गिऱ्हाइकाचं, हा वाद तिथेच मिटतो.

---

वकीलवाडीतला

सरांच्या बाजूने बघा, कारण चलन ही यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली म्हणजे कळवलं असं होत नाही. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं आणि विमा संपलेला निघाला, तर भरपाईची नोटीस इंदिरानगरला येणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हे स्वच्छ सांगितलंय. त्यात गाडी एकामागून एक कितीतरी हातांतून गेली होती, तरी ज्याचं नाव नोंदीवर होतं तोच मालक धरला गेला.

म्हणून आज करायच्या गोष्टी: सरांकडून २९ नंबरची सूचना आरटीओत दाखल करा, घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरून. त्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा, सोबत डिलिव्हरी नोटची प्रत जोडा. याने नाव बदलणार नाही, पण सर हातावर हात धरून बसले नव्हते हे कागदावर येईल. विम्याची मुदत कधी संपते तेही आजच बघा. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर जातो, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या क्लेमला मात्र पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर नसेल तर अडचण येते. हे बागाईतदाराला नीट समजावून सांगा. कायद्याला न भिणारा माणूस क्लेम बुडेल म्हटल्यावर ऐकतो असा माझा अनुभव आहे. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची विम्यातली सूट) सरांचा, तो गाडीबरोबर जात नाही, हेही सरांना सांगून ठेवा, नव्या गाडीला उपयोगी पडेल.

आता परवान्याचं. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलले आणि १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी झालेल्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी अधिकृत प्रमाणपत्र आलं. अर्ज २९-ए, प्रमाणपत्र २९-बी, मुदत पाच वर्षं. मालकाने गाडी तुमच्या ताब्यात दिली की दोघांनी मिळून २९-सी पोर्टलवर भरायचा. तो भरला की कायद्याच्या नजरेत मालक तुम्ही. सर त्या दिवशीच सुटले असते.

तुमचा फायदा असा की एनओसी, डुप्लिकेट आरसी, फिटनेस, नाव बदलणं, या सगळ्याचे अर्ज तुम्ही स्वतः करू शकता. विकणाऱ्याच्या मागे ओटीपीसाठी धावायला नको. तोटा तोच, की गाडी शेडमध्ये असेपर्यंत जे होईल ते तुमच्या डोक्यावर. शिवाय ती रस्त्यावर काढायची तर गिऱ्हाइकाला दाखवायला, दुरुस्तीला, रंगाला किंवा तपासणीला, एवढ्यापुरतीच. प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक रजिस्टरमध्ये ठेवायची. मावसभावाने रविवारी वणीला नेली असं चालणार नाही.

---

विकून बसलेली

मी त्या सरांच्या जागी होते. गंगापूर रोडच्या एका डीलरला गाडी दिली, तो म्हणायचा, "ताई, काळजी करू नका, आठवड्यात होईल." आठवडे उलटत गेले. शेवटी मीच घेणाऱ्याचा पत्ता शोधून काढला. तुम्ही निदान सरांचा फोन उचलता, एवढं तरी करत राहा. आणि चलनाचे पैसे त्यांच्याकडून मागू नका हो.

---

हिशेबनीस

मालाच्या दुखण्याबद्दल. आकडा असा आहे. करापूर्वी पाच लाखांची छोटी पेट्रोल गाडी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस धरून ६ लाख ४५ हजारांना पडायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांनी ती ५ लाख ९० हजारांना येते. नव्यातच ५५ हजार उतरले तर दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी जुन्या भावाला कोण घेईल? त्यात पितृपक्ष संपून घटस्थापनेलाच नवे दर लागू झाले, म्हणजे ऐन दसऱ्याचं गिऱ्हाईक शोरूमकडे वळलं. तो माल तोटा सोसून काढा. उभी गाडी रोज बॅटरी खाते, टायर खाते आणि व्याज खाते.

तोटा काढताना एवढं लक्षात ठेवा. जुन्या गाडीवर जीएसटी मार्जिनवर लागतो आणि १६ जानेवारी २०२५ पासून सगळ्याच जुन्या गाड्यांना १८ टक्के आहे. पूर्वी छोट्या गाडीला १२ होता. मार्जिन म्हणजे विक्री वजा खरेदी, बस. डेंटिंग-पेंटिंग आणि टायरचा खर्च त्यातून वजा होत नाही. ३ लाखांना घेतली, १५ हजार लावले, ३ लाख ४० ला विकली, तर तुमच्या मनातला नफा २५ हजार, पण कर ४० हजारांवर. किंमत करासकट धरली तरी सहा हजारांच्या वर जातात. तोट्यात विकलेल्या गाडीवर कर शून्य, पण तो तोटा दुसऱ्या गाडीच्या नफ्यातून वजा करता येत नाही. प्रत्येक गाडीचा हिशेब वेगळा.

यापुढे भाव स्थिर होईपर्यंत पार्क अँड सेल वाढवा. गाडी मालकाचीच, तुम्ही फक्त कमिशन घ्यायचं. भांडवल अडकत नाही आणि भाव पडला तर धक्का त्याला.

रोखीबद्दलही सांगतो, कारण कांदा-द्राक्षाचे पैसे पिशवीतून येतात. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतलीत तर आयकर कायद्याखाली तेवढीच रक्कम दंड, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. दोन दिवसांत दोन हप्ते करून घेतले तरी व्यवहार एकच धरतात.

---

फाट्यावरचा

सगळ्यांचे आभार. सरांना फोन करून २९ ची सूचना उद्या दाखल करायचं ठरलंय, ते स्वतः येणार आहेत. बागाईतदाराला विम्याचं सांगितलं. पहिल्यांदाच त्याने उलट प्रश्न विचारला, "म्हणजे ठोकली तर काहीच मिळणार नाही?" मी म्हटलं, कंपनीला विचारून बघा. सोमवारी आधार घेऊन येतो म्हणालाय. आला तर खरं.

अनामतीची कल्पना मावसभावाला पटत नाहीये. त्याचं म्हणणं, शेजारचा गाळेवाला मागत नाही तर आपण का मागायची. पुढच्या गाडीला मागून बघणार आहे, गिऱ्हाईक गेलं तर इथे येऊन सांगेन.

२९-बी बद्दल एक शंका उरली. रविवारी टेस्ट ड्राइव्हला एकामागून एक लोक येतात. प्रत्येक फेरी रजिस्टरमध्ये चढवायची तर एक माणूस तिथेच बसवावा लागेल. प्रत्यक्षात हे कुणी कसं करतंय?

---

आडगाव नाक्यावरून

माझ्याकडे प्रमाणपत्र आहे. रविवारची गर्दी आम्ही वेळ देऊन मोडली. फोन आला की अर्ध्या तासाचा स्लॉट सांगतो, लायसन्सचा फोटो आधीच मागवतो. गाडी गेटबाहेर काढण्याआधी मुलगी मोबाइलवर नोंद करते, परत आली की किलोमीटर टाकते. नुसतं फिरायला येणारे यातच गळाले. ज्याला गाडी घ्यायची नाही तो लायसन्सचा फोटो पाठवत नाही.

टेस्ट ड्राइव्हला ठोकली तर काय, हा प्रश्न पुढे येणारच. आपला माणूस शेजारच्या सीटवर पाहिजेच, आणि मोटर ट्रेड पॉलिसीबद्दल (डीलरकडच्या गाड्यांचा विमा) विमा एजंटला विचारा.

मंगळवारी दुपारी गर्दी नसते, तेव्हा या. २९-ए कसा भरला आणि कुठे अडकला होता ते दाखवतो. मावसभावालाही आणा.